माल सांगायचा नाही

खात्रीकाकांना खऱ्या नावाने हाक मारणारं आता कुणी उरलं नव्हतं. चाळीस वर्षं काचेचा धंदा केला, पण गिऱ्हाइकांच्या लक्षात राहिलं ते त्यांचं "कशावरून?" डॉक्टरने गोळी दिली तरी हे दुसऱ्या डॉक्टरला दाखवून मगच गिळणार. माणूस वाईट नव्हता हो, पण विश्वास ठेवायचा म्हटलं की जिवावर यायचं.

या स्वभावापायी पोटची पोर दुरावली. तिच्या लग्नाला दोन महिने झाले नाहीत तोच हे जावयाच्या ऑफिसखालच्या चहावाल्याला विचारून आले, हा खरंच इथे कामाला आहे ना. चहावाल्याने ते जावयालाच सांगितलं. मुलीने दोन वर्षं बापाचं तोंड पाहिलं नाही. आणि परवा अचानक तिचा फोन. नाचाचा क्लास काढतेय, रविवारी सुरू होतोय, मोठा आरसा हवाय, तुम्ही आणाल का? काका फोन ठेवून बराच वेळ डोळे पुसत बसले. आरसा धड पोचला तर पोरीचं दार उघडेल, एवढं त्यांना कळत होतं.

आरसा त्यांनी स्वतः कापला, कडा घासल्या. आठ फुटी, एकसंध. राहता राहिली माल वाहायची पिकअप. तिचे टायर पार गुळगुळीत झाले होते, म्हणून काका टायरवाल्या बाईंकडे गेले.

"काय वाहता?" बाईंनी चाकापाशी उकिडवं बसत विचारलं.

"सामान."

"सामान म्हणजे काय वाहता? विटा की अंडी?"

"तुम्हाला काय करायचंय? टायर दाखवा."

धंद्यात काकांचा एकच नियम, माल सांगायचा नाही. माल कळला की समोरचा भाव चढवतो. त्यात काच म्हटलं की बघायलाच नको.

"अहो, काय वाहता ते कळल्याशिवाय माप कसं सांगू?" बाई उठल्या. "नसेल सांगायचं तर आहे तेच ठेवा, पंधरा इंची रिम. रिम, म्हणजे आतलं लोखंड, मोठं केलं की टायरचं रबर कमी उरतं, आणि खड्ड्याचा दणका सरळ मालाला बसतो."

बाईंच्या पाठीमागे पंधराचे टायर छतापर्यंत रचलेले होते. काकांनी ते पाहिले आणि मनात म्हणाले, अस्सं. पडून राहिलेला माल माझ्या गळ्यात मारतेय होय. आणि ही खोदून खोदून विचारतेय ती उगाच नाही.

पलीकडच्या दुकानदाराने काहीएक विचारलं नाही. मोठ्या चाकांवर गाडी कशी ऐटदार दिसेल तेवढं सांगितलं आणि अठराची रिम पुढे केली. आता गंमत बघा, विचारणारीवर संशय आणि न विचारणाऱ्यावर विश्वास. काकांना वाटलं, नाक खुपसत नाही म्हणजे सरळ माणूस. तरी खात्री करायला त्यांनी टेप काढली आणि जुन्या चाकाची उंची नव्याशी ताडून पाहिली. दोन्ही सारखी. मग काय, बाई खोटी ठरली. त्या उंचीत लोखंड किती आणि रबर किती, ते मात्र त्यांनी मोजलं नाही.

शनिवारी सकाळी आरसा घोंगड्यांत गुंडाळून, गाडीतल्या लोखंडी चौकटीला उभा बांधून काका निघाले. गाडी बैलगाडीच्या चालीने हाकली. तरी बारीकसा खड्डाही थेट कमरेत जाणवत होता. रस्तेच खराब केलेत मेल्यांनी, असं ते पुटपुटले. क्लासच्या अलीकडच्या वळणावर नळासाठी खणून अर्धवट बुजवलेला चर होता. चाक त्यात आपटलं, आणि मागून एक बारीक आवाज आला. चाळीस वर्षं तो आवाज ओळखणाऱ्या माणसाला मागे वळून बघायची गरज नव्हती.

क्लासच्या दारात मुलगी आणि जावई उभे होते. आरसा टेकवायला जावयाने दोन गाद्या आणल्या होत्या. काकांनी घोंगडी बाजूला केली तेव्हा दोन-चार तुकडे दारातच सांडले.

"टायरवाल्याने फसवलं," काका म्हणाले.

"त्याला सांगितलं होतंत, काच न्यायचीय म्हणून?" मुलीने विचारलं.

हो म्हणायला काय जात होतं? दुकानदार थोडाच इथे होता. काकांच्या अगदी ओठांवर आलं होतं. तेवढ्यात जावई गाद्या खाली ठेवून गाडीतले तुकडे उचलायला लागला, आणि काकांच्या मनात आलं, हा एवढा गोड का वागतोय? मग त्यांना स्वतःचीच किळस आली.

"नाही सांगितलं," ते म्हणाले. "एक बाई तीनतीनदा विचारत होती, तिलाही नाही सांगितलं. वाटलं, कळलं की फायदा घेईल. माझं हे असंच आहे, बाळा. जावईबापूंच्या बाबतीतही मी असंच केलं. चुकलं माझं."

जावयाचा हात थांबला. मुलगी आतल्या मोकळ्या भिंतीकडे बघत राहिली. उद्या वीस मुली येणार होत्या. तिचे डोळे भरून आले, ते आरशासाठी की बापासाठी, तिचं तिलाच ठाऊक.

"आत या," ती म्हणाली. "चपला काढू नका, काचा पडल्यात."