तळ्यातल्या दगडांवरून

लग्न झाल्यापासून नवऱ्यानं चारचौघांत माझा हात कधी धरला नाही. अपवाद एकाच जागेचा, शहराबाहेरच्या, वर्षातले काही महिनेच उघडी असणाऱ्या मोठ्या बागेतल्या तळ्याचा. कारंजी, झाडीतल्या पायवाटा, धबधबा असं सगळं बघून आम्ही शेवटी तिथं यायचो. पलीकडे जायला पाण्यातून सपाट दगड टाकलेत. पहिल्याच वेळी मी "भीती वाटते" म्हणून अडून बसले आणि यांनी हात पुढे केला. खरं तर मी नदीकाठी वाढलेली, असले दगड डोळे मिटून ओलांडेन. पण नवऱ्याचा हात मिळत असेल तर भित्री म्हणवून घ्यायला माझं काय जातंय? दर वर्षी बाग उघडली की मी भ्यायला तयार.

हे घड्याळं दुरुस्त करायचे. केसाएवढी स्प्रिंग चिमट्यात धरतानाही हात हलायचा नाही. त्या दगडांवर मात्र तळवा घामानं ओला व्हायचा, बोटं थरथरायची. इतक्या वर्षांनीही माझ्या हाताला हात लागला की या माणसाचं असं होतं, या खुशीवर माझं पुढचं वर्ष निघायचं.

गेल्या हिवाळ्यात हे गेले. तो हात कसा लागायचा, ते मी विसरत चालले होते. दगडांवर पाय ठेवला तर आठवेल, एवढ्या आशेवर बाग उघडल्या उघडल्या निघाले. सोबत नणंदबाई होत्या, यांच्या थोरल्या बहीण. झाडीतून चालताना त्यांची कुरकुर चालूच होती.

"पैसे देऊन अंधारात चालायचं! यापेक्षा आमच्या जिन्याखाली जास्त उजेड असतो."

तळ्यापाशी मी चप्पल काढायला लागले, तशा त्या थबकल्या. "अगं, इकडून कुठं? तो बघ शेजारी चांगला कठड्याचा पूल आहे."

"आम्ही दोघं नेहमी इथूनच जायचो, ताई."

"दोघं? म्हणजे तोसुद्धा?"

"दर वर्षी. माझा हात धरून."

ताई मटकन बाकावर बसल्या. "लहानपणी हौदात पडला होता तो. मीच केसाला धरून वर ओढला. तेव्हापासून पाण्याची इतकी धास्ती, की भरल्या बादलीत वाकून बघायचा नाही. तुमचं लग्न ठरलं तेव्हा मला बजावलं होतं, 'तिला सांगू नकोस, हसेल.'"

म्हणजे तो घाम, ती थरथर माझ्यासाठी नव्हतीच. मला आधी रागच आला. एवढी वर्षं शेजारी झोपून या माणसानं ताकास तूर लागू दिली नाही! मी भ्यायचं सोंग करत होते आणि हे न भ्यायचं. चोरावर मोर.

मग पुन्हा पुलाकडे नजर गेली. तो पहिल्यापासून तिथंच होता. हे एकदा जरी "पुलावरून जाऊ" म्हणाले असते, तरी मी मुकाट गेले असते. म्हणाले नाहीत. पुलावर माझा हात धरायला काही निमित्त नव्हतं ना.

तेव्हा मला हे फार हवेसे झाले. रडू आलं आणि ते मी आवरलंही नाही. एकदा बोलला असतात तर काय बिघडलं असतं? मी हसले नसते हो. घरीसुद्धा रोज हात धरून बसले असते.

"चल, पुलावरून जाऊ," ताई हळूच म्हणाल्या.

"तुम्ही व्हा पुढे."

मी दगडांवर उतरले. पाणी गार होतं, दगड शेवाळानं बुळबुळीत. तळ्याच्या मध्यावर थांबून मी वळले आणि काठाकडे हात केला.

"या," मी मोठ्यानं म्हणाले, "भिऊ नका. मी धरते तुम्हाला."

पुलावरची माणसं बघायला लागली. मी हात तसाच धरून ठेवला.