दुसऱ्या टप्प्यातली घरं

तीस वर्षांत शहर दुप्पट करायचा आराखडा ताउनोनंच आखला होता: आधी कारखाने, घरं दुसऱ्या टप्प्यात. कारखान्यात नोकरी लागली त्याच्याच लेकीला, मेर्वीला. भाड्यानं घर मिळेना, म्हणून ती नवरा आणि जुळ्यांसकट बापाच्या दारात उभी राहिली.

"बाबा, घरं कधी होणार?"

"होतील, दहा वर्षांत."

"मग मी चालले परत हेलसिंकीला."

ताउनोनं आपली खोली तिला दिली आणि स्वतःचं अंथरूण वाफेच्या न्हाणीतल्या बाकावर टाकलं.

शनिवारी घरातल्या सगळ्यांना वाफ घ्यायची होती. बायको दारातून ओरडली, "उठा, शहर वसवणारे! भट्टी पेटवायचीय."

उशी काखेत मारून तो बर्फात येऊन उभा राहिला. लेक मात्र हेलसिंकीला न जाता राहिली होती.