तीनच्या काट्यावर टिटवी

टाळेबंदी आली तशी पक्षीमंडळाची रविवारची फेरी बंद पडली. पक्ष्यांचं काहीच अडलं नाही, अडलं ते मंडळाचं. तळ्याकाठी जमणारी दहा माणसं आता आपापल्या खिडकीत बसून टॅबच्या पडद्यावर जमायची आणि एकमेकांना विचारायची, "ऐकू येतंय का?" यातच अर्धा रविवार जायचा.

मंडळाचे अध्यक्ष दातांचे डॉक्टर. दवाखान्याला कुलूप लागल्यापासून त्यांना कुणाच्याच तोंडात डोकावता येत नव्हतं, ती सगळी हौस ते इथे भागवायचे. "बोला, कुणाला काय दिसलं?" असं ते विचारायचे. एकाला कावळा दिसलेला असायचा, दुसऱ्यालाही कावळाच. फोटोवाल्याला दर खेपेस लांबच्या छपरावर एखादा शिकारी पक्षी दिसायचा आणि सगळ्यांनी पडद्याला नाक लावून पाहिलं की ती पाण्याची टाकी निघायची. लग्नांची कामं बुडाल्यामुळे बिचाऱ्याचा कॅमेरा आणि तो, दोघेही बिथरले होते.

हे सगळं ऐकताना भूगोलाच्या बाईंचं डोकं फिरायचं. मंडळ त्यांनीच सुरू केलेलं. शाळेतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी सगळे त्यांना भूगोलाच्या बाईच म्हणत. त्यांच्या वयाच्या माणसांनी उंबरठाही ओलांडायचा नाही असा हुकूम होता, त्यामुळे त्यांचं जग म्हणजे तिसऱ्या मजल्यावरची स्वयंपाकघराची खिडकी आणि खालचं मैदान.

त्यात उजव्या डोळ्यात मोतीबिंदू. शस्त्रक्रियेची तारीख मिळाली होती, तीही बंदीत वाहून गेली. "तातडीचं नाही," असं दवाखान्यातून सांगितलं गेलं. ज्याचा डोळा त्यालाच तातडी! आता डावाही धुरकट व्हायला लागला होता. दुर्बिणीचं एकच नळकांडं डोळ्याला लावून बाई बघायच्या आणि मनात म्हणायच्या, हा हंगाम हाती आहे, पुढचा कुणी सांगितलाय?

आणि या हंगामात खाली टिटवी बसली होती. मैदानाच्या मधोमध खेळपट्टी दाबायचा एक गंजका रूळ कित्येक वर्षांपासून पडून होता. खिडकीतून पाहिलं तर त्याच्या जरा उजवीकडे, उघड्या खडीत, तिने चार अंडी घातली होती. टिटवी काही घरटं बांधत नाही. दगडांत दगडासारखी अंडी घालते आणि नशिबावर हवाला ठेवून बसते. दरवर्षी बसायची, दरवर्षी खेळणाऱ्या पोरांच्या पायाखाली सगळं जायचं. या खिडकीतून बाईंनी इतक्यांदा अंडी पाहिली, पिल्लू मात्र एकदाही नाही. यंदा मैदानाला कुलूप होतं. बंदीने एवढं एक काम चांगलं केलं, असं त्या सगळ्यांना सांगत सुटल्या होत्या. अंडी आता फुटायलाच आली होती.

शनिवारी दुपारी भोंग्याची गाडी आली. भाजीबाजाराची गर्दी टाळण्यासाठी बाजार सोमवारपासून मैदानावर भरेल, उद्या सकाळी माणसं येऊन चुन्याचे चौकोन आखतील, नागरिकांनी सहकार्य करावं. बाईंच्या तोंडचं पाणी पळालं.

मंडळाची तातडीची बैठक लागली. डॉक्टरांनी कचेरीत फोन लावला. बऱ्याच वेळाने पलीकडचा माणूस म्हणाला, "अहो, इथे माणसांचं बघायला सवड नाही!" फोटोवाला स्कूटर काढून निघाला, त्याला पहिल्याच कोपऱ्यावर पोलिसांनी परत पाठवलं. "टिटवीला बघायला चाललोय, असं खरं सांगितलं, तिथेच चुकलो," तो म्हणाला. मग डॉक्टरांनी निवेदन लिहायचा प्रस्ताव मांडला आणि निवेदनाची सुरुवात 'महोदय'ने करावी की 'मान्यवर'ने, यावर चर्चा रंगली.

"चुलीत घाला ते निवेदन!" बाई म्हणाल्या आणि टॅब पालथा घातला.

उरला एकच उपाय, आणि तोच बाईंना नको होता. वन्संना सांगणं.

वन्सं म्हणजे बाईंची नणंद. वयाने लहान, मानाने मोठ्या. लग्न केलं नाही, भावाच्या घरी राहिल्या आणि भाऊ गेल्यावर दोघीच एकमेकींच्या वाट्याला आल्या. वन्सं औषधांच्या दुकानात कामाला, त्यामुळे त्यांच्याकडे पास होता. संध्याकाळी घरी यायच्या तेव्हा मास्कच्या दोऱ्यांनी कान लाल झालेले आणि बोलून बोलून घसा बसलेला. एक दिवसभर माणसांना कंटाळलेली, दुसरी दिवसभर माणसांवाचून कंटाळलेली. अशा दोघींचं रात्रीच्या जेवणाला काय जमणार? त्यातून वन्संना पाखरांचं वेड म्हणजे रिकामटेकडेपणा वाटायचा.

त्यांच्या थट्टेचं खास ठिकाण म्हणजे मंडळाचं घड्याळ. ही रीत बाईंनीच घातलेली. पक्ष्याकडे बोट दाखवायचं नाही, तो बिचकतो. समोरचं सगळं घड्याळाची तबकडी समजायचं. लांब समोर बारा, पायाशी सहा, उजवीकडे तीन, डावीकडे नऊ. तळ्याकाठी सगळे एका रांगेत उभे राहायचे, बाई हळूच म्हणायच्या, "दोनच्या काट्यावर, गवतात," आणि दहा दुर्बिणी एकदम दोनवर वळायच्या. इतक्या वर्षांत एकदाही चूक झाली नव्हती. घरी वन्सं विचारायच्या, "वहिनी, मीठ कुठल्या काट्यावर ठेवलंयस?"

बाईंनी दुकानात फोन लावला.

"वन्सं, एक काम होतं."

"गोळ्या संपल्या?"

"नाही. मैदानात जायचंय. तुम्हाला."

सगळं ऐकून घेतल्यावर वन्सं म्हणाल्या, "म्हणजे तू वर उभी राहून सांगणार आणि मी खाली खडीत गुडघे झिजवणार. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच ना?"

"हेच," बाई म्हणाल्या. त्यांना रडू येईल असं वाटत होतं, आणि वन्संना ते ऐकू जाऊ नये म्हणून त्यांनी फोन पदराने झाकला.

मग वन्सं म्हणाल्या, "दुकानासमोर गिऱ्हाईक लांब ठेवायला लावतो ना, ती लाल पट्टी उरलीय. ती आणते. चार बाटल्या पाण्याने भरून कोपऱ्यांना ठेवीन. चालेल?"

मैदानाचा रखवालदार रक्तदाबाच्या गोळ्या वन्संकडूनच न्यायचा. त्याने मागचं फाटक उघडलं आणि तोंड दुसरीकडे करून उभा राहिला. ऊन इमारतीमागे कललं होतं, पण उजेड स्वच्छ होता. बाईंनी फोन गजांना टेकवला आणि दुर्बीण डाव्या डोळ्याला लावली. टॅबवर मंडळ हजर होतंच. जन्मात वेळेवर न येणारी माणसं आज वेळेआधी आली होती. कॅमेरा मैदानाकडे वळवून ठेवा, असा त्यांचा आग्रह होता.

वन्सं फाटकातून निघाल्या. एका हातात बाटल्यांची पिशवी, खांद्याला पट्टीचं भेंडोळं, चष्म्यावर मास्कची वाफ. टिटवीने त्यांना पाहिलं, चार पावलं दबकत पळाली आणि मग उडून डोक्यावर घिरट्या घालत मैदान दणाणून सोडलं. आता अंड्यांची जागा दाखवायला खाली काहीच उरलं नाही. सगळीकडे नुसती खडी. जागा फक्त बाईंच्या डोळ्यांत होती.

"सरळ माझ्याकडे या," बाई म्हणाल्या. "रुळापर्यंत. आता रुळाच्या पुढे या. हळू!"

"मला इथे दगडांशिवाय काही दिसत नाहीये."

"त्यांना वाकायला सांगा," डॉक्टर टॅबमधून ओरडले.

"वाकू नका, टिटवी टोचेल," फोटोवाला.

"नराकडे लक्ष ठेवा, नर कुठाय?" आणखी कुणीतरी.

"गप्प बसा हो सगळे!" बाई ओरडल्या. तेवढ्यात दुर्बिणीत त्यांना वन्संची चप्पल दिसली आणि तिच्या एका पावलावर, डावीकडे, ती चार अंडी. वन्संनी बाजूला व्हायला हवं होतं, उजवीकडे, लगेच. त्यांच्या तोंडून मंडळाची सवयीची भाषा निघाली. "वन्सं, थांबा! एक पाऊल तीनवर! तीनवर सरका!"

वन्संनी जन्मभर त्या घड्याळाची टिंगल केली होती, म्हणूनच त्यांना ते पाठ होतं. त्या एक पाऊल तीनवर सरकल्या. थेट अंड्यांवर.

"डोळे फुटले का तुझे?" बाई किंचाळल्या.

ते फोनवरूनही गेलं आणि खिडकीतूनही. रखवालदाराने वळून वर पाहिलं. इतक्या वर्षांच्या संसारात बाईंनी वन्संना कधी अरेतुरे केलं नव्हतं. भांडणातही नाही.

वन्सं एका पायावर उभ्या राहिल्या. दुसरा पाय कुठे टेकवावा हे त्यांना कळत नव्हतं. वर टिटवी ओरडत होती. मग त्या मागच्या मागे, आपल्याच पावलांवर पाय ठेवत फाटकाकडे गेल्या. पिशवी तिथेच राहिली.

टॅबवर डॉक्टरांनी घसा खाकरला. "बाई... पण तीन कुणाचं? म्हणजे, त्यांचं तोंड तुमच्याकडे होतं ना? त्यांचं तीन तुमच्या नऊवर येतं."

बाईंनी टॅब बंद केला.

सारा जन्म नकाशे शिकवले होते त्यांनी. उत्तरेकडे तोंड करून उभे राहा, आता दक्षिणेकडे तोंड करा, आता पूर्व कुठल्या हाताला? अशा प्रश्नांत जो गडबडायचा त्याला बाकावर उभं करायच्या. आज त्यांना कुणी उभं करायचं? उत्तर-दक्षिण म्हटलं असतं तरी चाललं असतं. त्यांना स्वतःचीच इतकी चीड आली, की ओट्यावरचं भांडं त्यांनी आपटलं आणि ते उचलायला परत वाकावं लागलं म्हणून आणखी चिडल्या.

वन्सं आल्या त्या सरळ मोरीत गेल्या. चप्पल धूत राहिल्या. नळ कितीतरी वेळ चालू होता.

"चूक माझी होती," बाई दारात उभ्या राहून म्हणाल्या. "आणि मी बोलले ते..."

"एक फुटलं," वन्सं म्हणाल्या. "तीन आहेत अजून. मी पाहिलं." त्यांनी नळ बंद केला, पण वळल्या नाहीत. "पिल्लू होतं आत. पाय आलेले होते त्याला, लांब. मला वाटायचं अंड्यात बलक असतो."

जेवणं झाली. कुणी मीठ मागितलं नाही.

सकाळी बाईंना जाग आली तेव्हा वन्संचं अंथरूण रिकामं होतं. त्या धडपडत खिडकीशी गेल्या. फाटकाशी वन्सं उभ्या होत्या, खांद्याला पट्टी. चुन्याची गाडी अजून आली नव्हती. फोन वाजला.

"कोण कोण आहे तिथे?" वन्संनी विचारलं.

"मी एकटीच."

"मग सांग."

बाईंनी सवयीने तोंड उघडलं आणि मिटलं. डोळे बंद करून त्यांनी स्वतःला फाटकात उभं केलं. इमारतीकडे तोंड करून, हातात पिशवी नाही, चष्म्यावर वाफ.

"पिशवी कालच्या जागी आहे, ती दिसतेय?"

"दिसतेय."

"अंडी पिशवीच्या तुमच्या उजव्या हाताला आहेत. एका पावलावर. तुम्ही पिशवीच्या डावीकडून या. पिशवी उचला आणि तिथूनच, पाय न हलवता, पहिली बाटली ठेवा."

"हे काल बोलायला काय झालं होतं?"

"आता बाटली ठेवा," बाई म्हणाल्या.

एक बाटली, दुसरी, मग वळसा घालून उरलेल्या दोन. पट्टी गुंडाळून होते न होते तोच गाडी आली. चुना आखणारे दोघे उतरले. वन्सं कमरेवर हात ठेवून त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या. फोन पिशवीत गेला असावा, बाईंना नुसती खरखर ऐकू येत होती. बराच वेळ हातवारे झाले. शेवटी एकाने मान हलवली आणि चुन्याची पहिली रेघ पट्टीपासून चांगली लांब पडली. आजचा दिवस तरी निभावला. उद्या शेकडो पाय येणार होते, त्यांचं काय, हे कुणालाच माहीत नव्हतं.

वन्सं फाटकापर्यंत मागे गेल्या. खरखर थांबली.

"वहिनी, बसली का गं ती परत?"

बाईंनी दुर्बीण लावली. सूर्य समोरच्या छपरांवर आला होता आणि थेट डोळ्यात घुसत होता. मोतीबिंदूच्या डोळ्याला तर सगळं मैदान म्हणजे पांढरा उजेड. त्यांनी डोळा बदलला, नळकांडं बदललं, पदराने काच पुसली. रूळसुद्धा सापडेना. काल संध्याकाळी जी जागा फक्त त्यांच्या डोळ्यांत होती, ती तिथेही उरली नव्हती. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना पक्षी कुठाय ते दुसऱ्याला विचारायचं होतं.

"मला दिसत नाही, वन्सं," त्या म्हणाल्या. "तुम्हीच सांगा."

तिथे फाटकाशी उभ्या वन्संनी एकदा मैदानाकडे पाहिलं, एकदा वर खिडकीकडे, आणि मग आपले दोन्ही हात उचलून त्यांच्याकडे पाहिलं. फाटक अजून छपरांच्या सावलीत होतं, तेवढं बाईंना अंधूक दिसलं.

"बसली," वन्सं म्हणाल्या. "रुळाच्या उजवीकडे. तुझ्या उजवीकडे, वहिनी."