राणीच्या गालावरचा खड्डा

खोटं नाणं दिसलं की माझा जीव थाऱ्यावर राहत नाही. हो, खोटंच! मी राळेगावची एसटी कंडक्टर. नवीन नोकरी होती तवा एका भल्या माणसानं शिशाचं दहाचं नाणं माझ्या हातावर टेकवलं अन् उतरून गेला. असा संताप आला म्हणता! पण घरी जाऊन उलटून-पालटून पाहिलं, तं काय सुबक काम बापा! तवापासून नाद लागला. लोक खरी नाणी जमवतात, मी खोटी. नवरा म्हणते, "दीपमाला, तुह्या डोक्यावर परिणाम झाला." होऊ द्या की!

तं त्या मंगळवारी जमनी बसमधी चढली ते रडतच. जवळच्याच तांड्यातली, माझी रोजची पॅसेंजर. तिनं रुमालाची गाठ सोडली अन् माझं मशीनवरचं बोट तसंच राह्यलं. राणीछाप रुपया, पण तीन तुकडे! दोन पातळ चांदीच्या चकत्या अन् मधात तांबं. क्रीमचं बिस्किट सुटावं तसा सुटला होता.

"अवं जमने, हे कुठं भेटलं तुले?"

"सासूच्या गळ्यातल्या माळेतला आहे, ताई. जुनी तार झिजली म्हणून सोनाराकडं नवी कडी लावायले नेलता. त्यानं आच दिली अन् हा माह्या डोळ्यादेखत उघडला. याडी, माही सासू, म्हणते, मीच बदलला. माह्या हातचं पाणी बी पेत नाही. नवऱ्याले म्हणून राह्यली, इले माहेरी घालव."

पोरगी हुंदके देत होती अन् मी मनात नाचत होती, खोटं कायले बोलू! अशा रुपयाबद्दल मी नुसतं ऐकलं होतं. पुराने ठग खऱ्या रुपयाचे दोन्ही चेहरे बारीक करवतीनं कापून काढायचे, मधली चांदी ठेवून घ्यायचे, तिथं तांब्याची चकती बसवून कथलानं चिकटवायचे. चेहरा खरा, पोट खोटं! काठावरचा जोड तारेच्या वेढ्याखाली लपला असंल. मले तो पाहिजेच होता. पण आधी जमनीचं घर वाचवायचं होतं.

सुट्टीच्या दिवशी तांड्यावर गेली अन् जमनीकडून ते तुकडे मागून घेतले. जमनीची सासू रुपीबाई बाजेवर बसली होती, माळ मांडीवर.

"आजी, हा रुपया तुमचाच आहे का, एकदा पाहून घ्या," म्हटलं मी.

"माह्या रुपयाच्या गालावर खड्डा होता. नवी नवरी होती तवा बैलानं पाय दिला, खाली खडक. सासरा केवढा ओरडलता!"

मी राणीची चकती पुढं केली. म्हातारीनं बोट फिरवलं. गालावर खड्डा होता.

"हो वं, माहाच आहे," ती हळूच म्हणाली. पण हार मानंल ते रुपीबाई कसली! "मंग इनंच आतली चांदी काढून तांबं भरलं असंल!"

असा राग आला मले! पण हातातल्या तांब्याच्या चकतीकडं पाह्यलं अन् ती तशीच म्हातारीपुढं धरली. "आजी, इथं बोट ठेवा."

तांब्यावर बी खड्डा होता. राणीची चकती त्यावर ठेवली तं खड्ड्यात खड्डा बरोब्बर बसला.

"बैलानं पाय दिला तवाच तांबं आत होतं, आजी! त्यावेळी जमनी जल्मली तरी होती का?" मी अक्षरशः ओरडली. शेजारचं कुत्रं उठून पळालं.

रुपीबाई कितीतरी वेळ बोटानं तो खड्डा चाचपत राह्यली. मंग जमनीले म्हणाली, "पाणी आण." जमनीनं तांब्या आणला. म्हातारी गटागटा पेली, पदरानं तोंड पुसलं, अन् मांडीवरची माळ उचलून सुनेच्या गळ्यात घातली. जमनीले रडू आवरेना.

आता माझ्यानं राहवलं नाही. "आजी, हे तीन तुकडे मले देता का? माह्याकडं असा एक बी नाही."

रुपीबाई देऊनच टाकत होती. पण जमनीनं झपकन हात घातला अन् तुकडे मुठीत घट्ट धरले.

"बाकी कोणताबी न्या, ताई. याच्यापायी शिव्या खाल्ल्या मी. हा नाही देत."

आता ती बसमधी चढते तवा तो गळ्यात असते, काठाले पुन्हा तारेचा वेढा घातलेला. मी आधी त्याले पाहते, मंग तिकीट देते.