मोजताना एक कमी

“पोरीला न सांगता नेत जाऊ नका हो. मी मोजत असते,” शिकवणीच्या बाई मला म्हणाल्या होत्या.

“माझीच पोर आहे बाई, पळवून नाही नेत,” म्हणून मी हसले, आणि दुसऱ्या दिवशी ठमीला तशीच घेऊन गेले.

बाई तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहायच्या. शाळेतून निवृत्त झाल्यावर घरीच इंग्रजी शिकवायच्या. क्रियापदाचा अर्थ उतरवून द्यायच्या नाहीत, करून घ्यायच्या. ‘असेम्बल’च्या दिवशी मी दारात होते. पोरं घरभर पांगवून त्यांनी हाक मारली. सगळी धावत येऊन उभी राहिली. ठमी तेवढी पलंगाखाली.

“झालं असेम्बल?”

“हो!”

“कसलं हो? ठमाबाई कुठायत? चार टाळकी काय, बसथांब्यावरही उभी राहतात. असेम्बल म्हणजे ठरवून, एका जागी, सगळ्यांनी. एक मागं राहिलं तरी नाही झालं.”

“आणि बाई, माझे बाबा सायकल असेम्बल करतात ते?”

“तिथंही तेच. एक नट विसरला की बाबा खड्ड्यात!”

पोरं खिदळली.

पुढे एका संध्याकाळी मी कामावरून ठमीला न्यायला आले, तर बाईंच्या इमारतीत जिन्याखालच्या मीटरच्या खोलीतून काळा धूर येत होता. वरून बाईंचा आवाज आला, “असेम्बल! फाटकाशी! हात सोडायचा नाही!”

पोरं साखळी करून खोकत बाहेर आली. ठमी दिसताच मी तिला साखळीतून ओढलं, कडेवर घेतलं आणि रस्ता ओलांडून औषधाच्या दुकानाची पायरी गाठली.

“आई, हात सोडायचा नव्हता!” ती रडत होती.

“गप गं.”

मग मी मागे पाहिलं. सगळ्यांत शेवटी बाई बाहेर आल्या होत्या. तोंडाशी रुमाल धरून, एकेकाच्या डोक्यावर हात ठेवत मोजत होत्या. हात थांबला. पुन्हा पहिल्यापासून मोजलं.

“बाई! ही इथंय! माझ्याजवळ!”

मध्ये बस आली. ती गेली तेव्हा बाई फाटकाशी नव्हत्या.

ठमीला दुकानदाराच्या हाती कोंबून मी धावले. वॉचमनने दंड धरला. “ताई, वेड लागलं का?”

“बाई वर गेल्यात. माझ्या पोरीला शोधायला.”

टॉवेल भिजवून, तोंडाला बांधून तो आत शिरला. पोरं अजून हात धरूनच उभी होती. त्यांतल्या एकीने विचारलं, “काकू, बाई नाहीत, म्हणजे अजून नाही ना झालं?”

वॉचमन बाईंना पाठीवर घेऊन आला. “पलंगाखाली चाचपत होत्या,” तो धापा टाकत म्हणाला. बाईंनी डोळे उघडले ते ठमीला शोधतच.

धूर छातीत बसला तो बसलाच. दोन वाक्यांत त्यांना दम लागतो. शिकवणी बंद झाली. पोरं दुसरीकडे जातात. मी रोज वर जाते. दाराशी कान देते. आतून खोकला ऐकू आला की जीव भांड्यात पडतो.

तुमच्याही मुलांना शिकवलेलं असं कोणी एकटं राहत असेल, तर आज जाऊन या. बेल वाजवून लगेच मागे फिरू नका. दारापर्यंत यायला वेळ लागतो.