क्लॅरीचा बोल्ट

रायफली एकतीस होत्या आणि बोल्ट बत्तीस. सकाळपासून दोनदा मोजले, दोन्ही वेळा तेच.

माझ्या बाबांनी, अॅल्विन पॅस्को यांनी, आयुष्यभर जुन्या रायफली जमवल्या. नियमाप्रमाणे रायफल एका कुलपात आणि तिचा बोल्ट, म्हणजे मूठ धरून मागेपुढे सरकवायचा तो पोलादी भाग, दुसऱ्या कुलपात ठेवावा लागतो. रायफली मागच्या शेडमध्ये होत्या. बोल्ट होते धुण्याच्या खोलीतल्या छोट्या तिजोरीत, आईच्या जुन्या फ्लॅनेलच्या गाऊनचे तुकडे करून त्यांत एकेक गुंडाळलेले. प्रत्येक बोल्टवर त्याच्या रायफलीचा क्रमांक ठोकलेला असतो. रायफली जमवणाऱ्या माणसांचं सगळं त्या क्रमांकावर चालतं. बोल्ट आणि रायफल एका क्रमांकाचे असले तर ती रायफल. नाहीतर, बाबा म्हणायचे, नुसती जुळवाजुळव.

बत्तिसाव्या बोल्टला दोऱ्याने पुठ्ठ्याचा तुकडा बांधला होता. त्यावर बाबांचं बारीक, तपासनिसाचं अक्षर: ‘क्लॅरीचा. त्याने मागितला तर.’ खाली तारीख, अकरा वर्षांपूर्वीची.

तो तुकडा वाचून मी वॉशिंग मशीनवर टेकून बसले. बाबांना जाऊन सतरा दिवस झाले होते. त्यांच्या शेवटच्या हिवाळ्यात त्यांनी मला कधी ‘ये’ म्हटलं नाही आणि मी सिडनीहून कधी ‘येऊ का’ विचारलं नाही. दर रविवारी फोनवर आम्ही त्यांच्या गावच्या, लिथगोच्या थंडीबद्दल बोलायचो.

क्लॅरी हॅडो दहा वाजता आला. एकोणऐंशी वर्षांचा, बाबांबरोबर बंदुकीच्या कारखान्यात शिकाऊ उमेदवार म्हणून लागलेला. आमच्या घरी तो यायचा थांबला त्याला अकरा वर्षं झाली होती. का, ते बाबांनी सांगितलं नव्हतं. पण रायफली जमवणाऱ्यांच्या क्लबमध्ये परवाना आणि एवढी मोठी तिजोरी त्याच्याचकडे होती, आणि पोलिसांच्या पत्रात रायफली परवानाधारकाकडे सोपवायला शुक्रवारची मुदत होती.

“ग्लेनिस, तू बारीक झालीस,” तो दारातच म्हणाला.

“तुम्ही नाही झालात, क्लॅरीकाका.”

“बायकोचे उपकार.” त्याने पायपुसण्यावर बराच वेळ बूट घासले. “केक आणू नको हां. गावात कुणी गेलं की घरोघरून केक येतात, महिनाभर तेच खावे लागतात.”

“फ्रीजमध्ये चार आहेत.”

“मग एक दे. अॅल्विनच्या घरचा नाही म्हणवत नाही.”

आम्ही शेडमध्ये कामाला लागलो. मी फ्लॅनेल उलगडून क्रमांक वाचायचा, त्याने रायफल शोधून बोल्ट बसवून बघायचा, काढायचा, दोन्हीला एकच चिठ्ठी लावायची. पत्र्याच्या छपरावरचं गोठलेलं दहिवर वितळून थेंब पडत होते. क्लॅरीची बोटं सुजलेली होती, पण बोल्ट हातात आला की सराईतपणे चालायची.

“ही बघ. तुझ्या बापाने ही एका मेंढपाळाकडून घेतली. तो दारं अडकवायला वापरत होता.”

“आणि ही?”

“ही माझ्याकडून. फसवून.”

“तुम्हाला फसवलं?”

“मी त्याला. लाकडी दस्ता बदललेला होता. त्याने महिनाभराने ओळखलं, परत केली नाही, पण प्रत्येक ख्रिसमसला मला लाकडाचा एक तुकडा भेट पाठवायचा. कागदात बांधून, रिबिन लावून.” तो हसला, मग हसणं खोकल्यात गेलं.

दुपार होईपर्यंत एकतीस जुळले. बत्तिसावा मी मुद्दाम शेवटी ठेवला होता. पुठ्ठा मुठीत झाकून मी नेहमीसारखा क्रमांक वाचला. “आठ चार एक सहा तीन.”

क्लॅरीने रायफलींकडे पाहिलं नाही. हातातलं फडकं त्याने चौकोनी घडी घालून बाकावर ठेवलं.

“तो जादाचा असेल,” तो म्हणाला. “यादीत भंगार लिही. उरलेले भाग पोलीस नेतात, वितळवतात.”

त्या क्रमांकाची रायफल कुणाची ते मला माहीत होतं. लिथगोत आमच्या पिढीच्या प्रत्येकाला माहीत होतं. क्लॅरीच्या वडिलांनी ती दुसऱ्या महायुद्धात न्यू गिनीत वापरली होती. त्यांच्या लष्करी पुस्तिकेत तो क्रमांक होता. क्लॅरीने वीस वर्षं शोधून ती मिळवली, ती दुसऱ्याच बोल्टसकट. युद्धानंतर बोल्ट वेगळे काढून पेट्यांत भरले होते, त्यात ते असे हरवले.

बोल्ट त्याच्या हातात ठेवून मोकळं व्हावं, असं मला वाटलं. मी दमले होते. पण पुठ्ठ्यावर ‘मागितला तर’ होतं. मी पेन उचललं आणि यादीवर टेकवून तसंच धरलं.

“त्याने काही लिहिलंय का त्यावर?” क्लॅरीने विचारलं.

“लिहिलंय.”

“काय?”

“आधी तुम्ही बोला, काका.”

“बापाची पोर आहेस.” तो उलट्या बादलीवर बसला. “माझी रायफल प्रदर्शनात पहिली आली होती, आठवतं? सगळे क्रमांक जुळणारी. पहिल्या बक्षिसाची निळी फीत मिळाली.”

“बाबांनी सांगितलं होतं.”

“एवढंच?”

“एवढंच.”

“तो बोल्ट खोटा आहे. जुना क्रमांक मी घासून काढला आणि गॅरेजमध्ये नवा ठोकला. एकेक आकडा. वाट बघून कंटाळलो होतो, ग्लेनिस. मला वाटलं, खरा कुठेतरी वितळला असेल. कुणाचं काय जातंय?” त्याने गुडघे चोळले. “त्या दिवशी अॅल्विन उशिरा आला. कोटाचा एक खिसा खाली लोंबत होता. वाकून त्याने भिंगातून माझे आकडे पाहिले. चाळीस वर्षं त्याने कारखान्यात आकडेच तपासले होते. मग माझ्याकडे पाहिलं आणि चहा आणायला गेला.”

“आणि?”

“दोन कप आणले. साखर बरोबर घातली होती.”

खिशात काय होतं ते त्या दिवशी क्लॅरीला कळलं नाही. नंतर ऑरेंज गावच्या एका बंदूक-विक्रेत्याने त्याला विचारलं, पॅस्कोने माझ्याकडून नेलेला तुझा बोल्ट तुला दिला का म्हणून. तेव्हापासून तो आमच्या रस्त्याने गेला नव्हता.

“एका शब्दाने तो मला क्लबमधून घालवू शकला असता. कुणाला बोलला नाही. मला शिवी दिली असती तरी चाललं असतं.”

“मागायचा होता.”

“मागितला असता तर सांगावं लागलं असतं.”

छपरावरचे थेंब थांबले होते. क्लॅरी उठला, बाकाला धरून. डोक्यावरची टोपी त्याने काढली.

“तो मला देशील का?” तो म्हणाला.

मी पुठ्ठ्यासकट बोल्ट दिला. त्याने चष्मा कपाळावर चढवून तो तुकडा डोळ्यांजवळ नेला. वाचायला तीन-चारच शब्द होते, त्याला फार वेळ लागला.

मग तो बाकाशी आला आणि माझ्या हातातलं पेन घेतलं. हस्तांतराच्या अर्जातल्या यादीत प्रत्येक ओळीच्या शेवटी ‘शेरा’ असा एक रकाना असतो. बाकी एकतीस ओळींत आम्ही तो रिकामा ठेवला होता. बत्तिसाव्या ओळीत क्लॅरीने लिहिलं: ‘माझ्या रायफलीचा मूळ बोल्ट. सध्याच्या बोल्टवरचा क्रमांक मी ठोकलेला आहे. सी. हॅडो.’ अक्षरं वाकडी आली म्हणून त्याने नाव पुन्हा एकदा, नीट लिहिलं.

“हे पोलीस वाचतील,” मी म्हणाले. “क्लबवालेही.”

“वाचू देत. फीत परत मागतील. तिला कसर लागलीय तशीही.”

रायफली गाडीत चढवायला तासभर लागला. शेवटी तो बोल्ट त्याने कोटाच्या खिशात टाकला, आणि खिसा एका बाजूने खाली लोंबला. आत जाऊन मी चहा ठेवला. साखर किती, ते मला विचारावं लागलं.