नया बाजारचा फळा आणि श्रुतीचं नाव

मी एक जुना फळा आहे. शाळेतला नव्हे, मित्रांनो. पाढे, सुविचार, हजेरी यांतलं काहीच माझ्या अंगावर कधी उमटलं नाही. मी हॉकीचा फळा. ग्वाल्हेरच्या नया बाजारात, सुधाताईंच्या ब्लाउज शिवण्याच्या दुकानाबाहेर दोन खिळ्यांवर मी लटकलेला असतो. लोक सकाळी आधी मला वाचतात आणि मग दूध घ्यायला पुढे जातात.

माझा जन्म ग्वाल्हेरच्याच बिर्लानगरातला. तिथे कापडगिरणीत यंत्रं ज्या खोक्यांतून आली, त्यांच्याच फळ्या जोडून तिथल्या सुताराने मला घडवलं आणि काळा रंग दिला. गिरणीच्या मैदानावर मला उभं केलं. सुधाताईंचे वडील बळवंतराव गिरणीत फिटर होते. सामन्याच्या दिवशी ते माझे लेखनिक व्हायचे. डावीकडे खेळाडूंची नावं, उजवीकडे गोल. त्यांचं अक्षर इतकं देखणं, की हरलेला आकडासुद्धा रुबाबदार वाटायचा.

त्या काळी खेळाडूंचे लिलाव नव्हते. चांगल्या खेळाडूला रेल्वेत किंवा पोलिसात नोकरी लागली, की तो जायचा. जाणाऱ्याची एक रीत होती. बळवंतराव त्याच्या तळहातावर दही-साखर ठेवायचे आणि मग तो स्वतः ओल्या फडक्याने माझ्यावरचं आपलं नाव पुसायचा. दुसऱ्या कोणी पुसायचं नाही. गिरणीच्या मालकांनी म्हणे एकही सामना पाहिला नव्हता. कोणी त्यावरून कुरकुरलं, की बळवंतराव म्हणायचे, "मालक कोणीही असू दे. हरल्यावर ज्याच्या घशाखाली घास उतरत नाही, संघ त्याचा."

मग गिरणी बंद पडली. मैदानात गवत माजलं. बळवंतरावांनी मला हातगाडीवर घालून घरी आणलं, आणि ते गेल्यावर मी सुधाताईंच्या दुकानात आलो. तिथे मला आडवं करून माझ्यावर कापड बेतायला सुरुवात झाली. पंधरा वर्षं! गोल लिहिलेल्या अंगावर बाह्यांची आणि गळ्यांची मापं. रागावू कशाला? उपयोगी पडत होतो. पण पाठीवर झोपलेल्याला आभाळाऐवजी छतच दिसतं, एवढंच म्हणतो.

तीन वर्षांपूर्वी शहराला मुलींचा हॉकी संघ मिळाला, लश्कर शेरनी; नाव आमच्या लश्कर भागावरून. मालक दिग्विजयसिंह, फरशांचे व्यापारी. पहिला सामना हरून सुधाताई दुकानात आल्या. हो, हरून; खेळल्या जरी दुसऱ्या, तरी हरल्या याच. त्यांनी माझ्यावरचं कापड उचललं, मला धुतलं, बाहेर टांगलं आणि लिहिलं, "बचाव नाही. मालकांना फरशीतली भेग दिसते, संघातली दिसत नाही."

तेव्हापासून रोज एक मत. शेरनी दरवर्षी खालून पहिल्या यायच्या. नव्या खेळाडूंच्या निवडीच्या दिवशी मालकांनी उंच मुलगी घेतली, तर सुधाताई लिहायच्या, "हॉकी खेळायची आहे, माळ्यावरचे डबे काढायचे नाहीत." लोक हसायचे. मालकही गाडीची काच खाली करून वाचून जायचे.

संघात एकच मुलगी बिर्लानगरची होती, श्रुती. गोलकीपर. तिचे आजोबा बळवंतरावांबरोबर गिरणीत होते. सुधाताईंनी तिचं नाव माझ्या डाव्या कोपऱ्यात वर लिहिलं होतं, आणि बाकी सगळं पुसलं तरी ते राहायचं. अक्षर फिकं झालं, की त्या पुन्हा गिरवायच्या.

आणि मागच्या हिवाळ्यात एका सोमवारी बातमी आली. श्रुतीला जबलपूरच्या संघाला द्यायचं, आणि बदल्यात नव्या खेळाडूंमधून पहिली निवड करायचा त्यांचा हक्क घ्यायचा.

सुधाताईंनी खडू असा दाबला, की मोडला.

"घरचा उंबरा काढून दाराला तोरण लावणारे मालक!" हे सोमवारी. मंगळवारी आणि बुधवारी त्याहून तिखट. गुरुवारी नया बाजार माझ्यासमोर उभा होता. फरशांच्या दुकानात गिऱ्हाइकं भाव विचारण्याआधी श्रुतीचं विचारू लागली. शुक्रवारी दिग्विजयसिंह स्वतः आले.

"सुधाताई, धंदा करू देता की नाही? माझी बायको पण मला हेच वाचून दाखवते."

"वहिनींना अक्कल आहे मग."

"बरं बाबा, मान गया. उद्या पाच वाजता संघाची शेवटची यादी जाते. सौदा रद्द करतो. आता तरी लिहा काही गोड."

ते गेल्यावर सुधाताईंनी मोठ्या अक्षरात लिहिलं, "श्रुती घरीच!" आणि बाजूला एक फूल काढलं. फुलं त्या काढत नसत. मीही फुशारलो. गिरणीच्या लाकडाने एक मालक नमवला होता!

शनिवारी दुपारी श्रुती आली. सायकल लावली, मला वाचलं आणि दारातच उभी राहिली.

"ये गं ये, पेढा घे," सुधाताई म्हणाल्या.

"मावशी, हे कोणाला विचारून लिहिलं?"

"विचारायचं काय त्यात? आपली पोरगी कोणी देतं का?"

"मीच बोलले होते साहेबांना, की मला पाठवा. इथे शिखाताई आहे ना गोलमध्ये. ती एकदम फिट आहे. दो साल से मैं बेंच पे बैठी हूँ, मावशी. पॅड घालायचे, काढायचे. तिथे मी पहिली गोलकीपर असणार. आता साहेब म्हणतात, नया बाजार नाराज होईल, नाही पाठवत."

सुधाताईंच्या हातातला पेढा तसाच राहिला.

मित्रांनो, माझ्या अंगावर चुकीचे गोल लिहिले गेलेत, चुकीची मापंही. पण तो दिवस वेगळा होता. सहा दिवस ज्या मुलीसाठी आम्ही भांडलो, तिला एकदाही विचारलं नव्हतं. सुधाताईंनी नाही, मालकांनी नाही, आख्ख्या बाजाराने नाही.

"किती वाजले?"

"चार वाजायला आले."

सुधाताईंनी ती ओळ आणि फूल पुसलं. मग लिहिलं, "माझं चुकलं. श्रुतीला जाऊ द्या. सुधा." खाली सही त्यांनी कधी केली नव्हती. मग मला खिळ्यांवरून उतरवलं. एक बाजू त्यांनी धरली, दुसरी श्रुतीने, आणि माझी वरात भर बाजारातून फरशांच्या दुकानाकडे निघाली.

"ओ ताई, फळा विकला काय?" दूधवाला ओरडला.

"फळा नाही, नाक!" सुधाताई चालता चालता म्हणाल्या.

दिग्विजयसिंहांनी मला दोनदा वाचलं. "तुम्ही रोज मला शिव्या घालता, आणि आज म्हणता, माझंच बरोबर होतं?"

"बरोबर तिचं होतं. तुम्ही फक्त मध्ये उभे होतात. माझ्यासारखेच. आता यादी पाठवा."

ते हसले. पाचच्या आत यादी गेली.

श्रुती परत दुकानात आली, तेव्हा सुधाताईंनी समोरच्या हलवायाकडून दही आणलं आणि तिच्या तळहातावर साखरेसह ठेवलं. ओलं फडकं पुढे केलं. श्रुतीने दही चाटलं, हात फ्रॉकला पुसावा तसा टी-शर्टला पुसला आणि माझ्या कोपऱ्यातलं आपलं नाव हळूच पुसलं. सुधाताई मशीनकडे तोंड करून दोरा ओवत राहिल्या. तो काही ओवला गेला नाही.

मी सुकलो, तेव्हा तिथे नाव पुन्हा दिसू लागलं. पांढुरकं, धुरकट. जुन्या फळ्याचं असंच असतं. ओला असताना सगळं विसरल्यासारखा दिसतो.

यंदा जबलपूरचा संघ आमच्या मैदानावर आला. शेवटच्या मिनिटाला शेरनींना पेनल्टी स्ट्रोक मिळाला. समोर श्रुती. तिने चेंडू डाव्या पॅडने बाहेर घालवला आणि आम्ही एक-शून्यने हरलो. रविवारी माझ्यावर होतं, "हरलो. रात्री दोन पोळ्या जास्त खाल्ल्या." बळवंतराव असते, तर गोंधळात पडले असते.

त्या पहिल्या निवडीतून तन्वी नावाची मुलगी आली आहे. तिच्याबद्दल सुधाताईंचं मत अजून बनतं आहे. लिहिण्याआधी त्या तिला विचारणार आहेत.

मालकांनी परवा माझ्यासाठी पत्र्याचं छप्पर आणि काळ्या रंगाचा डबा पाठवला. "रंग लावून तोंड बंद होणार नाही म्हणावं," सुधाताईंनी निरोप धाडला; पण छप्पर बसवून घेतलं. आता उन्हात माझ्या कडा फुटत नाहीत. सुतारापासून फरशीवाल्यापर्यंत किती जणांचे हात लागले मला! मी कुणाकुणाचे आभार मानू?

तुमच्याकडे माझ्यासारखा कोणी असेल, तर त्याला वर्षातून एकदा रंग द्या, कोरड्या हाताने खरवडू नका. आणि त्याच्यावर कुणाचं नाव लिहाल, तर आधी त्या माणसाला विचारा.

काल पेंटर आला होता. सुधाताई स्टूल घेऊन माझ्याजवळ बसूनच राहिल्या. सगळं अंग काळंभोर झाल्यावर त्याचा ब्रश वर डावीकडे वळला.

"तेवढा कोपरा सोड रे," त्या म्हणाल्या.